दर्या आणि पऱ्हाटी

समरकंद आणि बुखारा ही दोन नावं आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी घरातल्या कुणा ना कुणा बुजुर्गाच्या तोंडून ऐकलेली असतात. कुणाचे पूर्वज तिथून घोड्यावर बसून आलेले असतात, तर कुणाचे तसबीह हातात घेऊन. लग्नाच्या बोलणीत खानदानाचा विषय निघाला की ही शहरं हटकून हजर होतात. आणि बाहेर काही बिनसलं की ‘बाबराची अवलाद’ म्हणून तीच शहरं आमच्या अंगावर फेकली जातात. अभिमान बाळगणाऱ्यानं ते शहर पाहिलेलं नसतं आणि शिवी देणाऱ्यानंही नाही. आम्ही ते २०२४ च्या ऑक्टोबरात पाहिलं. ताश्कंदहून सकाळी आगगाडीनं गेलो आणि रात्री परत आलो.

आम्ही सहा जण होतो. अब्बा, अम्मी, आम्ही दोघं आणि दोन मुलं. अब्बांचं वय चौऱ्याहत्तर. यवतमाळ जिल्ह्यात आमची सात एकर कोरडवाहू जमीन आहे आणि अब्बांचं सारं आयुष्य त्या जमिनीत गेलं. आम्ही पुण्यात नोकरीला. गेली दोन वर्षं घरात एकच विषय आहे : जमीन विकावी की ठेवावी. अब्बा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. निदान या सहलीत तो विषय काढायचा नाही, असं आम्ही आपसात ठरवलं होतं.

गाडीचं नाव ‘अफ्रोसियोब’. जुन्या समरकंदच्या अवशेषांची जी टेकडी आहे, तिचं हे नाव. २०११ पासून धावणारी ही स्पॅनिश बनावटीची गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटरचं अंतर दोन तासांहून थोड्या जास्त वेळात कापते. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट तपासले गेले, सामान यंत्रातून गेलं. डबा स्वच्छ, गर्दी बेताची. तिचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरपर्यंत जातो, हे कळल्यापासून मुलगा त्या आकड्याची वाट पाहत बसला. अब्बा खिडकीशी होते. म्हणाले, “धावते तं खरी, पण पाहू देत नाही.”

ताश्कंद मागे पडलं आणि थोड्या वेळानं एक रुंद नदी आली. सिर दर्या. मुलीनं विचारलं, “नदीला दर्या का म्हणतात?” मराठीत दर्या म्हणजे समुद्र, कोकणातल्या आपल्या लोकांचा तर तो रोजचा शब्द. इकडे मात्र दर्या म्हणजे नदी. शब्द इतक्या दूर येता येता पाण्यानं फुगला असावा, असं आम्ही तिला गमतीनं सांगितलं.

नदीनंतर सपाट प्रदेश सुरू झाला. आणि अब्बा एकदम उठून उभे राहिले.

“पऱ्हाटी!”

खरंच, दोन्ही बाजूंना कापूस होता. ओळीत लावलेला, बोंडं फुटलेली. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका वाकून वेचत होत्या, कमरेला कापडाची झोळी. गाडी वेगात असल्यामुळे प्रत्येक शेत डोळ्यांसमोर क्षणभरच टिकत होतं, पण अब्बांना तेवढं पुरे होतं. झाडाची उंची, ओळींतलं अंतर, पाटाचं पाणी, सगळं ते मोठ्यानं सांगत होते. अम्मी म्हणाली, “इतकी दूर येऊन कपाशीच बघा!” पण तीही बघत होती. आमच्याकडेही त्या वेळी वेचणीचे दिवस जवळ आलेले होते. पहिल्या वेचणीआधी वेचणाऱ्या बायका शेतात सीतादही करतात. अब्बांनी ते कधी अडवलं नाही. उलट दही आपल्याच घरून जायचं.

समोरच्या बाकावर एक वृद्ध बाई नातीसोबत बसल्या होत्या. अब्बांचं चाललेलं पाहून त्या हसल्या आणि बाहेर बोट करून म्हणाल्या, “पख्ता.” मग नातीच्या मोडक्या इंग्रजीतून आणि मोबाईलवरच्या भाषांतरातून गप्पा सुरू झाल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. कापसाला इकडे ‘ओक ओल्तिन’ म्हणतात, म्हणजे पांढरं सोनं. आमच्याकडेही हेच म्हणतात, हे ऐकून त्यांनी नातीच्या मांडीवर थाप मारली. देशाच्या राजचिन्हात कापसाचं बोंड आहे, चहाच्या किटलीवर कापसाचं फूल आहे, ताश्कंदच्या मेट्रोत ‘पख्ताकोर’ म्हणजे कापूस पिकवणारा या नावाचं स्टेशन आहे. त्यांनी पिशवीतून नान काढला, हातानं तोडून सगळ्यांपुढे ठेवला आणि मुलीच्या वहीकडे बोट करून म्हणाल्या, “दफ्तर.” मुलीनं आपली पाठीवरची पिशवी दाखवली : आमचं दप्तर हे. मग दोघींचा खेळच सुरू झाला. किताब, कलम, बाजार, देवार, अंजीर. सबजी म्हणजे गाजर, हे कळल्यावर तर मुलगी हसून लोळली.

अब्बांना मात्र शब्दांत रस नव्हता. त्यांचा प्रश्न एकच होता : “ह्या पऱ्हाटीले पाणी कुठून येते?”

उत्तर आम्हांला ठाऊक होतं, पण ते त्या बाईंच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. हा सगळा कोरडा माळ होता. सोव्हिएत काळात कालवे खणून सिर दर्याचं पाणी इथं आणलं. तिकडे अमू दर्याचंही तेच झालं. १९६० नंतर दोन्ही नद्यांचं पाणी शेतांतच संपू लागलं आणि ज्या अरल समुद्राला त्या मिळायच्या, तो आटत गेला. बंदरातल्या बोटी वाळूत रुतल्या. बाई म्हणाल्या, विद्यार्थी असताना शरद ऋतूत वर्ग बंद असत आणि सगळे शेतावर वेचणीला. पुढे शिक्षिका झाल्यावरही तेच. सरकारनं कापसाचा सक्तीचा कोटा २०२० मध्ये रद्द केला. २०२१ च्या हंगामात सक्तीची आणि बालमजुरीची पद्धत संपल्याचं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं सांगितलं.

अब्बांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “यांनी समुद्र पाजला पऱ्हाटीले. आपण आभाळाकडं पाहत बसलो.” त्यांनी बाईंना आपल्याकडचं सांगितलं : पाऊस, बोंडअळी, कर्ज. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं गेली, तेही सांगितलं. यंत्रानं त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे. पण बाईंनी छातीवर हात ठेवला.

समरकंद सुंदर आहे. रेगिस्तान चौकातले तीन मदरसे, त्यांतला सर्वांत जुना उलुगबेगचा, १४२० चा. निळ्या घुमटांखाली मान वर करून आम्ही किती तरी वेळ उभे होतो. हा उलुगबेग राजा असून ताऱ्यांची मोजदाद करणारा होता. त्यानं हजाराहून जास्त ताऱ्यांची यादी केली. बाबरानं हे शहर तीनदा जिंकलं आणि तीनदा गमावलं, तेव्हा कुठे तो आपल्याकडे वळला. मुलानं तिथंच विचारलं, “दादा, आपण खरंच इथून आलो?”

अब्बा म्हणाले, “आपले बापजादे गावच्याच कब्रस्तानात हायेत. इथं कायले शोधतं त्याहिले?”

त्या वाक्यात ना तोरा होता, ना तक्रार. आमच्या कितीतरी परिसंवादांत जे तासन्‌तास चालतं, ते त्यांनी बुटाचे बंद बांधता बांधता सांगून टाकलं. आम्ही त्या शहराचे पाहुणे होतो आणि पाहुण्यासारखं आमचं कौतुक झालं. आपलं असं वाटलं ते फक्त रुळांच्या कडेचं शेत, आणि त्या बाईंनी तोडून दिलेला नान.

परतीच्या गाडीत बाहेर अंधार होता. मुलं झोपली. अब्बांनी मोबाईल मागून घेतला आणि गावी बटाईदाराला फोन लावला. पऱ्हाटी किती फुटली, बायका सांगून ठेवल्या का, दही कुणाच्या घरून नेणार, अशी चौकशी बराच वेळ चालली. फोन परत देताना ते म्हणाले, “यंदाची वेचणी होऊ द्या. मग बसू अन्‌ ठरवू.”

दोन वर्षांत जमिनीबद्दल ते पहिल्यांदाच आपणहून बोलले होते.