चुना, एपटेझिया आणि एक जुनं पाप

कुरुळीत समुद्र आहे. हसू नका :-) आमच्या हॉलमध्ये आहे, तीन फूट बाय दीड फूट. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम खास मीठ कालवून केलेला.

तर दोन महिन्यांपूर्वीचा शनिवार. चहा घेऊन टँकसमोर बसलो, बघतो तर दगडावर तपकिरी, पारदर्शक, नारळाच्या झाडासारखं काहीतरी डोलतंय. एपटेझिया! समुद्रफुलाचीच एक जात, नव्या लाइव्ह रॉकवर बसून फुकट आलेला पाहुणा. दिसायला गोंडस, पण शेजारच्या प्रवाळाला डंख मारून जागा बळकावणारा.

मी काय केलं? रात्री दोनला प्रॉडक्शनमध्ये बग दिसल्यावर करतो तेच. विचार न करता हात घातला आणि चिमट्याने ओरबाडून काढला. थोड्याच आठवड्यांत एकाचे अकरा! याच्या बुडाचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवा उभा राहतो. किल करायला गेलो आणि फोर्क झाला.

मग अभ्यास केला (उशिरा का होईना). उपाय निघाला चक्क चुना. टपरीवरचा नव्हे, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. दाट पेस्ट करायची, पंप बंद करायचे, सिरिंजने हळूच त्याच्या तोंडावर सोडायची. एका वेळी तीन-चारच, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो आणि माशांच्या जिवावर बेततं. जोडीला पेपरमिंट झिंगे आणले. त्यातले काही एपटेझिया खातात, काही ढुंकूनही बघत नाहीत.

आज सकाळी चुना लावणं चालू असताना लेक शेजारी येऊन उभी.

"बाबा, हे सगळे संपले की झिंग्यांचं काय? सकरसारखे नदीत सोडायचे?"

सिरिंज हातातच राहिली.

आधी आमच्याकडे गोड्या पाण्याचा टँक होता. 'काच साफ ठेवतो' म्हणून दोन बोटांचा सकर आणला. तो वाढत वाढत हातभर झाला, टँकमध्ये मावेना. मग एका रविवारी मोशीच्या पुलाजवळ इंद्रायणीत सोडून दिला. वर जीवदान दिलं म्हणून लेकीकडून टाळ्याही घेतल्या.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. घाण पाण्यात बाकीचे मासे गुदमरतात, हा वर येऊन हवा गिळतो आणि जगतो. अंगावर चिलखत, अंडी काठातल्या बिळात. इंद्रायणी आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढे उजनीत जाते. उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यात आता सकर येतो. काट्यांनी जाळी फाटतात, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. त्यात माझ्या सकरचा वंश असेलच असं नाही. नसेलच असंही छातीठोक सांगता येत नाही.

घरातला एपटेझिया रोज समोर दिसतो, त्याला चुना लावता येतो. उजनीत कुठे सिरिंज घेऊन फिरणार?

लेकीला म्हटलं, "झिंगे इथेच राहतील, नाहीतर दुकानदाराला परत. खाऱ्या पाण्यातले ते, नदीत मरतील. आणि जे मरणार नाही ते तर मुळीच सोडायचं नाही. सकर सोडला ते माझं चुकलंच."

"मग तेव्हा टाळ्या का वाजवायला लावल्यास?"

उत्तर नव्हतं.

असो. अकराचे चार उरलेत. पंप सुरू करायला हवेत.