जरा मुरू दे

ता. वाळवा, जि. सांगली

प्रिय गड्या,

परवा फोनवर "ऊस कसाय?" असं विचारलंस आणि रेंज गेली. उत्तर आता कागदावर घे.

शाळेच्या वाटेवर साखर कारखान्यामागचा काळा ढीग आठवतो? वाफा निघायच्या, आपण नाक दाबून सायकल हाणायचो. तीच मळी, म्हणजे प्रेसमड, हल्ली मी पैसे मोजून ट्रॉलीनं आणतो. हसू नकोस. आता त्यातून गॅस काढणारेही गिऱ्हाईक झालेत, त्यामुळं भाव खाते ती!

आपलं रान चुनखडीचं. सरीत डीएपी खत टाकलं की त्यातला बराचसा स्फुरद (फॉस्फरस) चुना धरून बसतो. पैसे खात्यात, पण खातं गोठलेलं! मुळ्या बारीक, फुटवे मोजके.

आता कारखान्यात बघ. रस निवळायला त्यात चुना सोडतात. रसातला स्फुरद त्या चुन्याला चिकटून तळाशी बसतो. रसात तो कमी पडला तर वरून फॉस्फोरिक ॲसिडही घालतात. गाळून उरतो तो प्रेसमड, शंभर टन उसामागं तीन-चार टन. म्हणजे आपल्या रानातून गेलेला स्फुरद साखरेच्या पोत्यात जात नाही, बहुतेक मागल्या दारी ढिगात पडतो. हिशेब सांगतो. ओल्या ३ टनांत सुका माल जेमतेम १ टन. त्यात २ टक्के स्फुरद धरला तरी २० किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३. शिवाय सेंद्रिय खत मिळतं ते वेगळंच.

एवढं गणित जमल्यावर मी शहाणा झालो. गेल्या साली ताजाच माल आणला, सरीत ओतला आणि वर कांड्या दाबल्या. कुजताना तो तापतो, त्यात उसाचं मेण असतं आणि कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतःच खातात. उगवण निम्मी, उगवलं ते पिवळं. वडील बांधावरून एवढंच म्हणाले, "शेण तरी कधी ताजं टाकलं होतंस का रे?"

यंदा बांधाकडंला लांबट ढीग घातला. पाणी मारून ओल राखली, दर पंधरवड्याला परतला. पहिल्यांदा खोरं घातलं तेव्हा आतून अशी धग आली की चष्म्यावर वाफ धरली. दोन महिन्यांत वास गेला, माल चहाच्या चोथ्यासारखा मोकळा झाला. ढीग निवल्यावर स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिसळले. ते आम्लं सोडतात आणि चुन्यात अडकलेला स्फुरद थोडाथोडा सोडवतात. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही, म्हणून खत फेकलं नाही, सरीतच कांडीखाली दिलं. डीएपी बंद नाही केलं, निम्म्यावर आणलंय.

काल एक रोप उपटलं. पांढऱ्या मुळ्या खताच्या काळ्या खड्यात घुसलेल्या. झटकलं तरी खडा सुटेना. वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, काही न बोलता तिथंच पुन्हा लावलं आणि पायानं माती दाबली. आपल्या घरात याला शाबासकी म्हणतात.

तुमच्या क्वीन्सलँडातही उसाच्या रानात कारखान्याची मळी घालतात ना? कुणी शेतकरी भेटला तर विचार, ताजी ओतता की मुरवून? ताजी म्हणाला, तर वडिलांचा नंबर दे.

तुझाच,
बंडू