आहुती द्यायची तरी कुणाला?

भारतीय दर्शनांच्या वर्गाला मी नाव घातलं ते देवाविषयी काहीतरी नीट कळावं म्हणून. घरात रोज पूजा होते, एकादशी पाळली जाते. पण हा देव नेमका कोण, असं कुणी विचारलं तर चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. सुरुवात सांख्यापासून झाली. ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेत प्रकृती आणि पुरुष एवढ्यावर सगळा संसार उभा राहतो, निर्माता लागतच नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत ईश्वर येतो, पण क्लेशकर्मांचा स्पर्श न झालेला एक आगळा पुरुष म्हणून. जग त्यानं घडवलं असं ती सूत्रं म्हणत नाहीत. इथवर मी कशीबशी टिकून होते.

मीमांसेत मात्र पुरती चक्रावले. वेदाचा शब्दन्‌शब्द प्रमाण मानणारी, यज्ञाच्या बारीकसारीक विधींचा कीस काढणारी ही मंडळी. त्यांना तरी देव हवाच, नाहीतर आहुती द्यायची कुणाला? शबरस्वामींच्या भाष्यात उत्तर सापडलं आणि वाचन तिथंच थांबलं. देवतेला शरीर नाही, ती हवी खात नाही, प्रसन्न होऊन फळही देत नाही. यज्ञ आज संपतो, स्वर्ग मेल्यावर मिळतो. मधला सांधा जोडते ती कर्मातूनच उपजणारी, ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवताना हात थबकला. वरणभात, वर तूप, तुळशीचं पान. जेवणारं कुणी नसेल तर मी हे कुणाला वाढतेय? आणि जेवणारं नसलं तरी वाढायचंच, असं सांगणाऱ्यांची निष्ठा केवढी!

पुढे सातव्या शतकातले कुमारिल भट्ट. श्लोकवार्तिकात ते विचारतात: करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणावं, तर आधी कीव करण्याजोगं होतं कोण? आणि करुणाच होती, तर सगळं सुखाचंच का नाही केलं? हा दुसरा प्रश्न आईच्या आजारपणात मी देव्हाऱ्यासमोर कितीदा विचारलाय. तो एका कट्टर वेदाभिमान्यानं मांडलेला पाहून अंगावर काटा आला.

मग न्यायदर्शनाचे उदयनाचार्य आले. मडकं आहे म्हणजे कुंभार असणार, तसा पृथ्वीचाही कर्ता असणार. न्यायकुसुमांजलीतलं हे अनुमान मला समजलं, पण अनुमानातून निघालेल्या कर्त्यापुढे हात जोडावेसे वाटेनात. सर म्हणाले, “शेवट बघा.” शेवटाकडे उदयन वाद बाजूला ठेवतात आणि थेट ईश्वराशीच बोलू लागतात. तुझं खंडन करणारेही त्या निमित्तानं तुझंच चिंतन करतात, तेव्हा यथाकाल त्यांनाही तार, अशी त्या दयाळाला विनवणी करतात. वाचून डोळे भरून आले. कुमारिलांनी जिच्यावर बोट ठेवलं, त्याच करुणेला ही हाक होती.

नैयायिक म्हणतात, संसार अनादी आहे आणि ईश्वर जीवांच्या कर्मानुसारच फळ देतो. पण कर्माचाच हिशेब चालायचा असेल, तर विनवणीनं काय बदलणार? प्रश्न वहीत उतरवून ठेवलाय. पुढच्या तासाला सरांना आधी तोच विचारणार आहे.