बोरघाटातील फियाट

आषाढातल्या एका पहाटे सदाशिव पेठेतील बोळातून मामांची 1956 सालची फियाट अकराशे बाहेर निघाली, तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती. जिची पुढली दारे उलटी उघडतात, जिच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असतो आणि वाटोळ्या नाकाडामुळे जिला आपल्याकडे सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणत आले, ती ही गाडी जुन्याच रस्त्याने मुंबईस न्यावयाची, अशी मामांची तजवीज होती.

दापोडी, चिंचवड, देहूरोड, वडगाव मागे पडले. कामशेतच्या अलीकडे खाचरांतून इरली पांघरून भाताची लावणी चालली होती. लोणावळ्यापुढे मात्र पावसाने असा जोर धरला, की काचेपलीकडचे काही दिसेना, आणि खंडाळ्याच्या तोंडाशी साचलेल्या पाण्यातून जाताच इंजिनाने दोन-तीन उचक्या दिल्या व ते बंद पडले. मामांनी छत्री माझ्या हाती दिली, बॉनेट उघडले, चिमटे सारून डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. आतल्या टोकांवर दवासारखे पाणी जमले होते. खिशातल्या कोरड्या रुमालाने एकेक टोक पुसून, आत फुंकर मारून त्यांनी झाकण पूर्ववत बसवले आणि म्हणाले, “हेच नुव्होलारीचं झालं होतं रे.”

ती हकीकत मला ठाऊक होती. परंतु भिजलेल्या इंजिनासमोर उभे राहून ती ऐकताना तिचा अर्थ निराळा लागला. 1947 च्या जून महिन्यात, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यास दोन महिने अवकाश असताना, इटलीतील ब्रेशिया येथून ‘मिल्ले मिल्या’ ही सुमारे अठराशे किलोमीटरांची शर्यत महायुद्धानंतर प्रथमच सुटली, आणि तीत चोपन्न वर्षांचा, प्रकृतीने खचलेला शर्यतपटू तात्सियो नुव्होलारी हा चिसितालिया नावाच्या एका चिमुकल्या, उघड्या टपाच्या गाडीत बसून कितीतरी अधिक ताकदीच्या गाड्यांशी झुंजला. तुरीनच्या पिएरो दुसियो यांनी बांधविलेल्या त्या गाडीची चौकट हलक्या नळ्यांची होती. परंतु इंजिन होते फियाट अकराशेचे, फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या आराखड्यातून निघालेले, 1089 घनसेंटिमीटरांचे, फक्त अधिक ताकदीचे करून घेतलेले. शर्यत हाती येत असता मुसळधार पावसाने प्रज्वलन-यंत्रणेत पाणी शिरले, मोलाची मिनिटे गेली, आणि प्रतिस्पर्धी बियोन्देत्तीची आल्फा रोमियो पहिली व नुव्होलारी दुसरा ठरला. मी तरी त्या दुसऱ्या क्रमांकास विजयाहून उणा मानीत नाही. त्याच घराण्यातील बंदिस्त चिसितालिया 1951 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने निवडक आठ मोटारींत मांडली. तशा गाड्या आज जगात फार थोड्या उरल्या आहेत.

आणि तेच 68 मिलिमीटर व्यासाचे, 75 मिलिमीटर धावेचे चार सिलिंडर मामांच्या गाडीत, पुढे प्रीमियर पद्मिनीत, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतही चालत राहिले! फियाटशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या उभारणारी प्रीमियर कंपनी 1944 साली स्थापन केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आणि ज्या बोरघाटाच्या कड्यावर आम्ही भिजत उभे होतो, त्याच घाटातील रेल्वेचे बोगदे खोदण्याचे कामही वालचंदांच्याच बांधकाम कंपनीने केले होते, ही गोष्ट मला त्या दिवशी फार हृद्य वाटली.

चोक ओढून स्टार्टर मारताच इंजिन धडधडले. घाट उतरताना शिंग्रोबाच्या देवळाशी मामांनी रिवाजाप्रमाणे नाणे वाहिले, खोपोलीस आम्ही चहा घेतला, आणि दोन प्रहरी मुंबईस पोहोचलो. तेथे मात्र रस्त्याला एकही फियाट टॅक्सी आढळली नाही. 2003 साली नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत सरकारी दप्तरी ऑक्टोबर 2023 मध्येच संपली.

पुण्याच्या वाड्यांतून, पडव्यांतून अशा काही फियाट अद्याप ताडपत्रीखाली उभ्या आहेत. आपल्या घरी अशी एखादी असेल, तर ती भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी, वाचकहो, एकदा तिचे बॉनेट उघडून ते इंजिन पाहा, आणि जाणता मिस्त्री गाठून ते चालू करवून घ्या.