आडवळणाचं तिकीट

ऑक्टोबर उजाडला की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे "यंदा चकल्या विकतच आणू या" ही चर्चा, आणि दुसरी म्हणजे माझी एक्सेल शीट. डिसेंबरात आम्हाला भारतात जायचं असतं, आणि न्यू जर्सीतल्या निम्म्या देशी जनतेलाही नेमकं त्याच आठवड्यात जायचं असतं. मग तिकिटांचे भाव असे काही चढतात की विचारू नका. अशा वेळी माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. ऑफिसात तो जागा असतोच असं नाही, पण तिकिटाच्या बाबतीत हमखास!

तर ही गोष्ट २०२३ च्या डिसेंबरातली. जुलैपासून आई आमच्याकडे आलेली होती. ती परत निघणार होती आणि आम्ही चौघं तीन आठवड्यांच्या सुट्टीवर तिच्याबरोबर पुण्याला जाणार होतो. म्हणजे पाच तिकिटं. न्यूयॉर्कहून मुंबईला थेट विमान होतं, साधारण पंधरा तासांचं. आमची चौघांची जाऊन-येऊन आणि आईचं फक्त जायचं, असे त्याचे मिळून झाले ९,२०० डॉलर. बायको म्हणाली, "घेऊन टाक." मी म्हटलं, "थांब जरा."

शाळेत आपण शिकलो, की त्रिकोणाच्या कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते. विमानाच्या तिकिटाला हा नियम लागू नाही. विमान तुम्हाला हजार मैल आडवाटेला नेईल, दोन वेळा जेवायला घालेल, दोनदा उतरवेल आणि दोनदा चढवेल, आणि वर पैसे कमी घेईल. कारण तिकिटाचा भाव अंतरावर ठरत नाही, तर कोण किती द्यायला तयार आहे यावर ठरतो. ज्याला वेळ वाचवायचाय तो थेट विमानाला जास्त पैसे मोजतो. पण 'कसंही करून मुंबई' म्हणणाऱ्यासाठी दुबई, दोहा, अबू धाबी, लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिस अशी डझनभर दुकानं शेजारी शेजारी उघडी असतात. थांब्याचा त्रास असलेला माल विकायचा तर भाव उतरवायलाच हवा. शिवाय आपापल्या मुख्य विमानतळावर पन्नास गावांची माणसं गोळा करून ती पुढे पन्नास गावांना पाठवायची, हा या कंपन्यांचा धंदाच आहे. त्यामुळे एखाद्या टप्प्यावर रिकामी राहणारी खुर्ची स्वस्तात दिलेली त्यांना परवडते.

हे भाव शोधणं हाही मोठा गमतीचा विषय आहे. एमआयटीतल्या काही मंडळींनी १९९६ मध्ये 'आयटीए सॉफ्टवेअर' नावाची कंपनी काढली ती याच कामासाठी. २०११ मध्ये गूगलने ती विकत घेतली. त्यांच्यातल्याच कार्ल द मार्कन याने दाखवून दिलं, की भाड्याचे सगळे नियम जसेच्या तसे धरले, तर स्वस्तातलं स्वस्त तिकीट शोधणं हा प्रश्न सर्वसाधारण रूपात कुठल्याही प्रोग्रॅमला हमखास सोडवता येणार नाही. हे वाचल्यापासून मला रात्री दोनपर्यंत जागून तिकिटं शोधण्याचं एक शास्त्रीय कारण मिळालं. बायकोला ते अजून पटलेलं नाही :)

त्या रात्री जे हाती लागलं त्यातलं कामाचं थोडं सांगतो.

एक म्हणजे, पाच जणांचा शोध एकदम करू नका. इकॉनॉमीची खुर्ची दिसायला एकच असली तरी तिच्या भावाचे दहा-बारा कप्पे असतात. स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या असतील, तर बऱ्याचदा पाचही जणांना वरच्या कप्प्याचा भाव लागतो. आधी एकट्याचं तिकीट बघावं, मग दोघांचं, मग तिघांचं. भाव कुठे उडी मारतो ते कळतं. पण तिकिटं वेगवेगळी काढली आणि विमान चुकलं, तर घरची माणसंही वेगवेगळ्या विमानांत जाऊ शकतात, हेही लक्षात ठेवायचं.

दुसरं म्हणजे, दोन टप्प्यांची दोन स्वतंत्र तिकिटं काढायचा मोह टाळावा. एकच तिकीट असेल तर पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तरी तुम्हाला मुक्कामी पोचवणं ही विमान कंपनीची जबाबदारी. दोन तिकिटं असली की ती तुमची. त्यात बॅगा घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात शिरणं आलं, आणि आपल्या निळ्या पासपोर्टावर त्याला बहुतेक ठिकाणी व्हिसा लागतो. काही देशांत तर नुसतं विमान बदलायलाही लागतो.

तिसरं म्हणजे, स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्याच गावाहून निघणारं तिकीट काढून पहिला टप्पा सोडून देण्याचा शहाणपणा करू नये. पहिला टप्पा चुकवला की पुढचं अख्खं तिकीट रद्द होतं.

तर हे सगळे नियम पाळून मी एक रत्न शोधून काढलं. एकच तिकीट, दोन थांबे, एक युरोपात आणि एक आखातात. एकूण सत्तावीस तास. पाच जणांचे मिळून ६,९५० डॉलर. म्हणजे २,२५० डॉलर वाचले. हिशोब केला. जाताना पाच जणांचे बारा-बारा तास जास्त, येताना चौघांचे तेवढेच, म्हणजे १०८ तास. तासाला जवळजवळ एकवीस डॉलर. मी अभिमानाने शीट बायकोला दाखवली. ती म्हणाली, "आईंचं काय?" मी म्हटलं, "आई काय, बसूनच तर राहायचंय." आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती आणि तिचे गुडघे दुखत होते. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला सोयीचं ते करा. माझं काय?" आपल्या आयांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळायला हवं होतं. व्हीलचेअर सांगू का म्हटलं, तर "मी काय आजारी आहे?" म्हणून तिने उडवून लावलं. मलाही ते बरंच वाटलं, कारण एक फोन वाचला.

पहिलंच विमान साडेतीन तास उशिरा निघालं. न्यूयॉर्कला पाऊस, कोणाचाच दोष नाही. पुढचं चुकलं. एकच तिकीट असल्यामुळे पर्यायी विमान मिळालं, पण जागा पाच दिशांना. नऊ तास वाढले, सत्ताविसाचे छत्तीस झाले. मुलांनी आपापल्या परीने गोंधळ घातला, आम्ही दोघं त्यांच्यामागे धावत होतो, आणि आई शहाण्या मुलीसारखी पर्स मांडीवर घेऊन बसून होती. विमानात तिला खिडकीची जागा मिळाली होती, शेजारी दोन परकी माणसं. मला वाटलं, चला, खिडकी मिळाली!

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठून उभी राहिली आणि भोवळ येऊन खुर्चीत बसली. दोन्ही पाय घोट्यापर्यंत सुजलेले. डॉक्टर घरी आले. त्यांनी पायांकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "प्रवासात पाणी किती प्यायलात?"

आई गप्प. मग हळूच म्हणाली, "गोळीपुरतं."

छत्तीस तासांत दोन कप चहा आणि गोळीपुरतं पाणी. कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार. विमानात त्यासाठी दोन झोपलेल्या माणसांना उठवावं लागणार. विमानतळावर ते कुठे आहे माहीत नाही, चालायचं फार, आणि विचारायचं तर "तुम्ही दोघं पोरांच्या मागे होतात." म्हणून तिने सरळ पाणीच बंद केलं. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, हे डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. तपासण्या झाल्या. गुठळी नव्हती, नशीब. पण आठवडाभर विश्रांती. आमच्या तीन आठवड्यांतला पहिला आठवडा असा गेला. कोल्हापूरला मावशीकडे जायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

त्या आठवड्यात एकदा मी तिचे पाय चेपत बसलो होतो. तिने विचारलं, "किती वाचले रे तुझे?" मी म्हटलं, "एक लाख शहाऐंशी हजार." तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई! मग चांगलंच की." आणि ती मनापासून खूश झाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग विषय निघाला बाबांचा. बाबा गणिताचे मास्तर, त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्या घरी रेल्वेचं वेळापत्रक पोथीसारखं वाचलं जायचं. मे महिन्यात नागपूरला काकांकडे जायचं, तर बाबा पुण्याहून नागपूरचं एक सलग तिकीट काढायचे आणि जळगावला उतरायचे! रेल्वेचं भाडं असं असतं, की अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होतो. त्यामुळे पुणे-जळगाव आणि जळगाव-नागपूर अशा दोन तिकिटांपेक्षा एक सलग तिकीट स्वस्त. आणि लांबच्या तिकिटावर वाटेत उतरून पुढे जायची सोय. पाचशे किलोमीटरच्या वरच्या तिकिटाला आजही ती आहे. स्टेशनमास्तरकडून तिकिटावर शिक्का घ्यायचा, ही 'ब्रेक जर्नी'. त्या शिक्क्यावर आम्ही अजिंठा पाहिलं. आई म्हणाली, "जळगावला धर्मशाळेत अंघोळी केल्या, भरीत-भाकरी खाल्ली, रात्रभर पाय पसरून झोपलो. हे म्हणायचे, थांबायचंच तर माणसासारखं थांबावं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. पैसे बाबाही वाचवायचे आणि मीही वाचवत होतो. आडवळण त्यांनीही घेतलं आणि मीही घेतलं. फरक एवढाच, की त्यांचा थांबा माणसांसाठी होता, माझा भावासाठी. माझ्या शीटमध्ये १०८ तास होते, पण ते सगळे एकाच भावाचे. माझा तास म्हणजे लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसणं. सहा वर्षांच्या चिरंजीवांचा तास म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून उलटं पळणं, म्हणजे मजाच. आणि आईचा तास म्हणजे तहान. वाचवलेले पैसे सगळ्यांचे होते, पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा जिने भरला, तिला मी विचारलं ते उत्तर ठरवून झाल्यावर.

२०२५ मध्ये आई पुन्हा आली आणि ऑगस्टमध्ये परत जायची वेळ झाली. शाळांना सुट्टी होती, सगळे निघालो. या वेळी शीट उघडण्याआधी तिच्यासमोर बसलो आणि तीन पर्याय ठेवले. थेट विमान, एक छोटा थांबा, किंवा मध्ये एक रात्र मुक्काम. "तुम्हाला सोयीचं ते," सुरू झालं. मी म्हटलं, "आई, तू ठरवल्याशिवाय मी तिकीट काढत नाही." दोन दिवस तिने विषय टाळला. तिसऱ्या दिवशी चहा करता करता म्हणाली, "पंधरा तास एका जागी नको बाई. ते जळगावसारखं काही जमतं का बघ."

जमलं. न्यूयॉर्क ते दुबई, एक रात्र हॉटेलात, दुसऱ्या रात्री मुंबई. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला, की दुबईला उतरल्यावर व्हिसा मिळतो, त्यामुळे तेही सोपं गेलं. हॉटेल, व्हिसा, टॅक्सी धरून थेट विमानाच्या मानाने ८०० डॉलरच वाचले. आईची जागा मधल्या वाटेलगत, तिच्याशेजारी मी. व्हीलचेअरला पुन्हा नकार आला, तेव्हा नात म्हणाली, "आजी, तू बसलीस की आपल्या सगळ्यांना रांग नाही!" त्यावर लगेच बसली. पाण्याची बाटली माझ्या हातात, दर तासाला दोन घोट आणि एक फेरी. "जेलर आहेस नुसता," म्हणाली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुबईच्या खाडीवर गेलो. तिथे 'अब्रा' म्हणून लाकडी होड्या आहेत, एका दिरहमला या काठावरून त्या काठावर. आई होडीत बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "ही तर आपल्या नदीवरची तर!" पलीकडे जाऊन आलो. तिला परत एकदा जायचं होतं. परत गेलो.

शीट अजूनही आहेच, सवय जात नाही. यंदाच्या ऑक्टोबरात त्यात एक नवा रकाना घातलाय, भावाच्याही आधीचा. त्यात 'कोणाचे तास' असं लिहिलंय. तो भरल्याशिवाय पुढचे आकडे बघायचे नाहीत, असं ठरवलंय. बायको म्हणते, हे सांगायला एक्सेल लागत नाही.

असो. चकल्या शेवटी विकतच आणल्या.