भेटीचे गाणे

कन्हान नदीच्या एका काठाला आमचे गाव, तर दुसऱ्या काठाला १८२१ साली वसलेली कामठीची छावणी. छावणीतील बँडचे सूर सकाळच्या वाऱ्याबरोबर नदी ओलांडून आमच्या अंगणात येत. आम्हां मुलांना ते फार आवडत. आजी मात्र ते कानी पडताच हातातील सूप खाली ठेवी आणि घरात निघून जाई.

घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, ही आपली रीत. आजीचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेले, तेव्हा कन्हानच्या स्टेशनावर तेही 'येतो' असेच म्हणाले होते. ते इटलीत पडले. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी जेथे धारातीर्थी पडले, तोच हा देश. तेव्हापासून दारातून कोणी 'येतो' म्हटले, की आजी विचारी, "कवा येशीन?" नेमका दिवस सांगितल्यावाचून ती कोणालाही उंबरा ओलांडू देत नसे. शाळेत निघालेल्यालासुद्धा!

परवा माझ्या भाच्याने मला एक इंग्रजी रॉक गीत ऐकविले. एरवी तो गोंगाट मला सोसवत नाही. पण हे गाणे दोन मिनिटांचेही नव्हते, आणि अगदी हळुवार होते. नाव 'व्हेरा'. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या १९७९ सालच्या 'द वॉल' या ध्वनिमुद्रिकेतील ते गीत. व्हेरा लिन ही युद्धकाळातील लोकप्रिय ब्रिटिश गायिका. तिच्या १९३९ सालच्या एका गाण्याने ताटातूट झालेल्या कितीतरी जिवांना पुनर्भेटीचा भरवसा दिला. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊनही ती सैनिकांपुढे गायली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इटलीतील आंझिओ येथे एक इंग्रज अधिकारी मारला गेला. त्याचा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. तो मुलगा म्हणजेच 'व्हेरा'चे कवी रॉजर वॉटर्स. वडिलांचा चेहराही ज्याला आठवणे शक्य नव्हते, त्याने मोठेपणी त्या जुन्या भरवशाचा जाब विचारला. त्या गायिकेला मात्र मला दोष देववत नाही. निरोपाच्या वेळी माणसाने दुसरे काय म्हणावे? गाण्यातले सारे शब्द मला कळले नाहीत. परंतु विचारणारा तो सूर ओळखीचा वाटला. आमच्या उंबऱ्यावर मी तो रोज ऐकला होता.

संध्याकाळी भाचा नोकरीच्या गावी निघाला. पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "येतो, मामा."

"कवा येशीन?" माझ्या तोंडून निघून गेले.

तो हसला. "दिवाळीला. धनत्रयोदशीच्या सकाळच्या गाडीने."