दुसरी का पाचवी?

आमच्या गल्लीतले सुभेदारकाका मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमधून निवृत्त झाले. पलटणीचं नाव विचारलं की मात्र छाती काढून सांगतात, ‘काळी पाचवी!’

‘‘काका, दुसरी का पाचवी?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘म्हणजे कसं?’’

‘‘एवढी पुस्तकं वाचता ना, मग शोधा की!’’

इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या सनावळ्यांपुरता. तरी ग्रंथालयात जाऊन इंग्रजी फौजेवरचा एक जाडजूड ग्रंथ उघडला, तर पाचव्या पलटणी एक सोडून तीन निघाल्या.

इंग्रजांची हिंदुस्थानात एकच फौज होती, अशी माझी पक्की समजूत. प्रत्यक्षात बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन फौजा, तिघींचे सरसेनापती वेगळे, आणि प्रत्येकीची मोजणी एकपासून. १८९५ मध्ये त्या रीतसर एक झाल्या. मुंबईच्या फौजेत मराठे, महार, मुसलमान, ‘परदेशी’ म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, बेने इस्रायल सगळे एकाच पलटणीत असत, आणि बढती बंगालसारखी नुसत्या ज्येष्ठतेवर मिळत नसे. हे वाचून बरं वाटलं. पण माझी पाचवी अजून तीनांतली एकच होती.

मग ओळखीची जागा धरावी म्हणून कोरेगाव भीमा काढलं. १ जानेवारी १८१८, पेशव्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई. शिरूरहून रातोरात चालून आलेला कॅप्टन स्टाँटन, त्याचं सुमारे पाचशे पायदळ, तीनशेच्या आसपास स्वार आणि दोन तोफा. तोफांवरचे गोलंदाज मद्रासच्या फौजेचे. म्हणजे शेजारणीकडून उसने आणलेले. पलटणीचं नाव ‘मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन’. नेटिव्ह इन्फन्ट्री म्हणजे देशी पायदळ, हे जमलं. रेजिमेंट आणि बटालियन दोन्हींना मी वहीत ‘पलटण’च लिहिलं, त्यामुळे ‘पहिल्या पलटणीची दुसरी पलटण’ असं काहीतरी तयार झालं आणि ते मलाच वाचवेना. तिथे नंतर उभारलेल्या विजयस्तंभावरची नावं मात्र चटकन समजली. एकामागून एक ‘नाक’ने संपणारी नावं दिसतात, ती महार शिपायांची.

१८२४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हा घोळ आवरला. प्रत्येक बटालियन स्वतंत्र रेजिमेंट झाली, तिला एकच आकडा मिळाला. कोरेगावची पलटण झाली दुसरी. पुढे १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरने अख्ख्या हिंदी लष्कराची एक सलग यादी केली. मद्रासच्या पायदळाच्या आकड्यांत साधारण साठ मिळवले, मुंबईच्या आकड्यांत शंभर. कोरेगावची दुसरी झाली १०२. शंभर मिळवायचे, बस्स! गणितात कायम काठावर पास झालेल्या मला एवढा आनंद झाला, की समोर येईल त्या आकड्यात मी शंभर मिळवत सुटलो.

कोल्हापूरची २७वी घेतली. ३१ जुलै १८५७ ला बंड केलेली हीच पलटण. सत्तावीस अधिक शंभर, एकशे सत्तावीस. पान उलटलं, तर समोर ‘१२७ बलुच लाइट इन्फन्ट्री’! कोल्हापूरचे शिपाई बलुची कसे झाले, या विचारात बराच वेळ गेला. उत्तर सोपं निघालं. बंडखोर पलटण मोडली, आणि तिचा मोकळा झालेला क्रमांक सिंधमध्ये उभ्या राहिलेल्या बलुच पलटणीला दिला. आकडा तोच, माणसं वेगळी.

काकांचं कोडंही इथेच सुटलं. मुंबईची पाचवी १९०३ मध्ये १०५ मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १९२२ मध्ये पुन्हा फेरवाटप झालं आणि मराठ्यांच्या पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या. १०३ झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, आणि ११४ थेट दहावी! कागदावर काही लिहा, शिपायांनी ‘पाचवी’ सोडली नाही. मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ‘‘हे तर आम्हाला रंगरूट असतानाच सांगितलं होतं,’’ ते म्हणाले.

तरी यादी सुटेना, कारण तिच्यात भोकं होती. १८८२ मध्ये मुंबईच्या सहाव्या, अकराव्या, पंधराव्या आणि अठराव्या पलटणी मोडल्या होत्या, म्हणून १९०३ च्या यादीत १११ नाहीच. त्याच सुमारास ‘लढवय्या जमातीं’चं खूळ साहेबाच्या डोक्यात शिरलं आणि १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. ज्यांची नावं त्यानेच स्तंभावर कोरली, त्यांना तो लढवय्ये मानेना. हा हिशेब मला कुठल्याच बेरजेत बसवता आला नाही. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तशी १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि तिला तो रिकामा आकडा मिळाला: १११ महार. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा महायुद्ध आलं तेव्हा, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट निघाली, आणि ती आजही आहे.

११५ आणि ११८ कुणालाच मिळाले नाहीत. काकांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘ते तुम्हीच शोधा, आता जमतंय तुम्हाला.’’